सर्व्हिसपुरती उंची

२ फेब्रुवारी, रविवार

आज सासूबाईंशी टेबल टेनिस. निकाल लिहिण्यात अर्थ नाही. ‘हरलो’ हा शब्द परिस्थितीला लागू पडत नाही. ऐन मोक्याच्या क्षणी मी उडवलेला चेंडू गॅरेजच्या छताला आपटून खाली आला. छत नसतं तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? निदान सासूबाई तरी सांगू शकत नाहीत.

वस्तुस्थिती अशी. टेबल मी स्वतःसाठी घेतलं, कारण मे महिन्यात ऑफिसची स्पर्धा आहे. गाडी रस्त्यावर काढली, टेबल गॅरेजमध्ये मांडलं. समोरून चेंडू परत मारायला कुणीतरी हवं. बायकोला वेळ नसतो. म्हणून गॅरेजच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या सासूबाईंना मीच बोलावून शिकवलं. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरतात, डावा हात टेबलावर टेकवून उभ्या राहतात. (मोकळा हात टेबलाला लागला की पॉइंट जातो असा नियम आहे. मी तो मोठ्या मनाने लावत नाही.) आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी खोचल्यामुळे उजवा हात जरा भरभर चालतो, इतकंच. त्याला खेळ म्हणत नाहीत.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहाला सराव.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

उद्यापासून.

५ फेब्रुवारी

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि डोळे उघडले. मोठे खेळाडू सर्व्हिस करताना चेंडू दोन माणसं उभी राहतील इतका वर फेकतात. तो खाली येताना जो वेग घेतो त्यावर बॅट फिरवली की समोरचा बघतच राहतो. माझी सर्व्हिस नेमकी ह्याच जातीची आहे. आजवर तिला वाढायला वाव मिळाला नाही. आमच्या गॅरेजमध्ये हात वर केला की बोटं स्लॅबला टेकतात, आणि मी काही ताडमाड नाही.

तरी करून पाहिली. चेंडू छताला लागला, नेट ओलांडून सासूबाईंच्या पुढ्यात पडला. त्यांनी तो सर्व्हिस समजून परत मारला. मी तेव्हा वर बघत होतो.

८ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर विम्याचे दावे तपासले. लोक काय वाटेल ती कारणं देतात. एकाने गाडी खांबावर घातली आणि लिहिलं की खांब चुकीच्या जागी होता. फेटाळला. माणसाने स्वतःची चूक कबूल करायला शिकलं पाहिजे.

कँटीनमध्ये कॅशियर भेटला. दर वर्षी ट्रॉफी तोच नेतो. यंदा काय, अशा अर्थाचं काहीतरी खोचक बोलला. मी सहज सांगून टाकलं की एक नवीन सर्व्हिस तयार होतेय, जपून राहा. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. समोसा खात होता, त्यामुळेही असेल.

आता सर्व्हिस तयार करणं भाग आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

बायकोला सांगितलं, गॅरेजचं छत दोन फूट वर घ्यायचं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी शांतपणे निदर्शनास आणलं की इथे अंगणाचा संबंध नाही, गॅरेज आहे, आणि ते वाकडं नसून बुटकं आहे. ती उठून आत गेली.

१२ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. हुशार माणूस. हातातल्या काठीने छत दोन ठिकाणी ठोकलं, कान लावला, आणि म्हणाला, होऊन जाईल. भिंती तशाच, वरचं छप्पर तसंच, फक्त मधला स्लॅब काढायचा आणि दोन फूट वर नवा टाकायचा. किती दिवस लागतील विचारलं, तर म्हणाला, होऊन जाईल. माणसात हा विश्वास हवा. आमच्या ऑफिसचा सर्व्हेयर ह्याच्या उलट. त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला की स्लॅब दोन फूट वर घेतलात तर वरच्या खोलीची जमीनही दोन फूट वर जाईल, त्याचं काय?

नकारात्मक माणूस.

१३ फेब्रुवारी

सर्व्हेयरच्या म्हणण्यात थोडं तथ्य दिसतं. गॅरेजचं छत आणि सासूबाईंच्या खोलीची जमीन ही एकच वस्तू आहे. मी आजवर त्या दोन्हींचा एकत्र विचार केला नव्हता.

सासूबाईंना कसं सांगावं? मुत्सद्दीपणाने. आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी, मग हवापाण्याच्या गप्पा, मग घराच्या सुधारणेचा ओझरता उल्लेख. स्लॅब हा शब्द टाळायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

त्यांना आधीच माहीत होतं. काल मिस्त्रीने खालून ठोकलं तेव्हा कुणीतरी बोलावतंय असं वाटून त्यांनी वरून काठीने उत्तर दिलं होतं, आणि नंतर जिन्यात गाठून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मी तब्येत विचारायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, जावईबापू, खुशाल करा. माझं डोकं काही छताला लागत नाही. तोवर मी हॉलमध्ये झोपेन. तुमची ती उंचावरची सर्व्हिस एकदा मलाही बघायचीय.

इतका मोठेपणा संशयास्पद वाटतो. पण परवानगी ती परवानगी.

२ मार्च, रविवार

काम सुरू. धूळ. सासूबाईंचा पलंग, कपाट, शिवणाचं मशीन आणि चार पिशव्या हॉलमध्ये आल्या. टेबल टेनिसचं टेबलही हॉलमध्ये. त्यामुळे जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं आणि आता आम्ही टेबल टेनिसच्या टेबलावर जेवतो. नेट काढता येत नाही, त्याचा स्क्रू मिस्त्रीच्या माणसांनी पान्ह्यासकट कुठेतरी हरवला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको आणि तिची आई. मीठ मागितलं की ते नेटवरून येतं.

बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि सध्या काम फारसं नसतं.

९ मार्च, रविवार

स्लॅब पडला. खाली उभं राहून वर पाहिलं तर थेट सासूबाईंच्या खोलीचं छप्पर दिसलं. त्यांचा पंखा, त्यांचं कॅलेंडर, भिंतीवर कपाटामागची न रंगवलेली चौकट. सगळं अधांतरी. सकाळी त्या ज्या खिडकीत उभ्या राहून केस विंचरायच्या ती खिडकीही होती, पण तिच्यासमोर पाय ठेवायला काही नव्हतं.

एकदम कसंतरी झालं. धुळीमुळे असावं. मास्क घ्यायला हवा.

उंची मात्र अप्रतिम. एक चेंडू वर टाकून पाहिला. वीट घेऊन जाणारा माणूस मला आई-बहिणीवरून काहीतरी बोलला.

२३ मार्च, रविवार

सराव बंद आहे. याचा दोष माझ्याकडे येत नाही. जागाच नाही. सासूबाई मात्र जेवणं झाली की नेटपलीकडे बायकोला उभं करतात आणि ताटं उचलायच्या आधी चारदोन पॉइंट उरकून घेतात. परवा चेंडू माझ्या वरणात पडला. मी म्हणालो, हा लेट धरायचा, पॉइंट पुन्हा खेळायचा. दोघी हसल्या. कारण कळलं नाही.

६ एप्रिल, रविवार

नवा स्लॅब पडला! दोन फूट वर! खाली टेकूंचं जंगल आहे, आत शिरता येत नाही, वरून पाणी ठिबकतं. मिस्त्रीला विचारलं टेकू कधी काढणार. होऊन जाईल, म्हणाला. हे उत्तर आता पूर्वीइतकं चांगलं वाटत नाही.

शटरबाहेर उभा राहून वाकून पाहिलं. टेकूंच्या मधून छत दिसतं. लांब, गार, भव्य. बायकोला बोलावलं, ती आली नाही. सासूबाई आल्या, वर बघून म्हणाल्या, छान झालंय हो. इथे वारा किती येईल.

(नंतरची भर, २२ एप्रिल: त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.)

२० एप्रिल, रविवार

टेकू निघाले. पण वरच्या खोलीत एक किरकोळ अडचण. जिन्यावरून तिच्या दाराशी गेलं की समोर मांडीइतका उंच ओटा लागतो. तो ओटा म्हणजे आतली जमीन. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. मिस्त्रीने दाराच्या आत दोन पायऱ्या केल्या, तर आता दार अर्धंच उघडतं. सासूबाई आडव्या होऊन जाऊ शकतात, कपाट होऊ शकत नाही. खिडकी घोट्यापासून सुरू होते. पंख्याखाली उभं राहायचं तर मान खाली घालावी लागते. मला लागते, म्हणजे कुणालाही लागेल.

बायकोने खोली पाहिली. नुसती वाकून आत गेली आणि वाकून बाहेर आली. त्या दोन वाकण्यांच्या मध्ये माझा पंचवीस वर्षांचा संसार माझ्या डोळ्यांसमोरून गेला.

२२ एप्रिल

बायकोने निर्णय दिला. आई गॅरेजमध्ये राहील. जिना नको, उंबरा नको, आणि घरातली सगळ्यात उंच, हवेशीर खोली आता तीच आहे.

मी विचारलं, आणि टेबल? म्हणाली, आईच्या पलंगाशेजारी मावेल.

मी विचारलं, आणि वरची खोली? म्हणाली, तुम्हाला हौस होती ना बांधकामाची, तुमची पुस्तकं, तुमच्या फायली, तुमची इस्त्री, सगळं वर न्या. आणि घोरायचं असेल तर तुम्हीही.

हे तात्पुरतं आहे. मी तसं स्पष्ट सांगितलं. ती तेव्हा खोलीत नव्हती.

२७ एप्रिल, रविवार

सासूबाई गॅरेजमध्ये स्थायिक झाल्या. भिंतींना फिकट पिवळा रंग. शटरच्या आत दार, दाराला पडदा. मागच्या भिंतीला खिडकी फोडून घेतली. मिस्त्रीने ती एका दिवसात केली, जे काम मी सांगितलं असतं तर होऊन जायला महिना लागला असता. सकाळी त्या शटर अर्धं वर करून खुर्ची टाकून बसतात. भाजीवाली थांबते, पोस्टमन थांबतो, समोरच्या बंगल्यातले रिटायर्ड कॅप्टन कुत्र्याला घेऊन थांबतात. वरच्या खोलीत आठवड्यात एक माणूस भेटायला येत नव्हता. म्हणाल्या, जावईबापू, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

मी मान खाली घातली. नम्रता.

४ मे, रविवार

उष्मा. बायको म्हणते आईला पंखा हवा. मी म्हणालो, अवश्य. मी काय राक्षस आहे? वायरमन आला. छताकडे बघून म्हणाला, एवढ्या उंचीवर पंखा लावला तर हवा वरच्या वर फिरत राहील, खाली झुळूकसुद्धा मिळणार नाही. लांब दांडी घालावी लागेल. घाला, बायको म्हणाली.

घातली.

संध्याकाळी सगळे बाहेर गेल्यावर मी पलंग आणि टेबल यांच्यामध्ये उभा राहून हात वर केला. पूर्वी बोटं छताला टेकायची. आता पंख्याच्या पात्याला कोपर न ताठवता टेकतात.

सुदैवाने पंखा बंद होता.

१६ मे

ऑफिसची स्पर्धा. खालच्या मोठ्या सभागृहात. कॅशियर पहिल्याच फेरीत माझ्यासमोर आला. लोक जमले होते, कारण सर्व्हिसची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचलेली. मी चेंडू तळहातावर घेतला. वर पाहिलं. छत कुठल्या कुठे होतं. ह्याच क्षणासाठी मी दोन महिने वरणात चेंडू सहन केले. पूर्ण ताकदीनिशी फेकला.

तो इतका वर गेला की मी त्याची वाट पाहू लागलो. वाट पाहताना नजर दिव्यावर गेली. खाली आला तेव्हा माझी बॅट फिरून झाली होती. चेंडू माझ्या चष्म्यावर पडला आणि तिथून साहेबांच्या चहात. कॅशियरने टाळ्या वाजवल्या. पुढचं लिहीत नाही.

कारणमीमांसा: सभागृहाचं छत प्रमाणाबाहेर उंच आहे. इतक्या उंचीची काही गरज नसते. ज्याने कुणी ते बांधलं त्याला खेळातलं काही कळत नसावं.

१७ मे

घरी कुणाला सांगितलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बायकोला माहीत आहे. साहेबांच्या बायकोने फोन केला. बायको फोनवर इतकी हसली की पहिल्यांदा मला ती रडतेय असं वाटलं आणि मी पाणी घेऊन धावलो. मार्चपासून ती अशी हसली नव्हती. पाणी तिने घेतलं. नंतर विचारलं, चष्मा फुटला का हो?

नाही, म्हणालो.

मग बस झालं, म्हणाली. आणि जेवताना मीठ न मागता सरकवलं. जेवणाचं टेबल पुन्हा आत आलंय, मध्ये नेट नाही.

१ जून, रविवार

वरच्या खोलीत लिहितोय. खिडकी घोट्यापाशी असल्यामुळे जमिनीवर पालथं पडलं तर रस्ता छान दिसतो. उभं राहायचं नाही हे एकदा लक्षात ठेवलं की खोली वाईट नाही. कपाळावर दोन टेंगळं आहेत, तिसरं होईपर्यंत लक्षात राहील.

खालून टक-टिक, टक-टिक ऐकू येतं. सासूबाई आणि कॅप्टन. कॅप्टन रोज येतात. कुत्रा टेबलाखाली बसून चेंडू राखतो. ते आल्याशिवाय सासूबाई चहा घेत नाहीत असं बायकोचं निरीक्षण आहे. मी म्हणालो, त्यात काय, खेळाडूंमध्ये चालतं. बायको म्हणाली, तुम्हाला मेलं कळतं काय.

मला एका डावाचं आमंत्रण होतं. पाठदुखीमुळे नाकारलं. पाठ दुखत नाहीये. पण दुखू शकते, वाकून वाकून.

८ जून, रविवार

सासूबाई स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडल्या. वर येता येत नाही ना त्यांना. म्हणाल्या, जावईबापू, कॅप्टन गावाला गेलेत, माझा हात आखडलाय, या हो खाली. कॅप्टन नीट खेळतात पण बोलत नाहीत. तुमच्याशी खेळताना करमणूक असते.

हा गौरव समजून गेलो. वाईट रीतीने नाही हरलो. पंखा चालू होता, चेंडूला फाटे फुटत होते. पंखा बंद करा म्हणालो तर म्हणाल्या, मग मला उकडेल, आणि मी उकडल्यावर जास्त जोरात मारते.

पंखा चालू ठेवला.

१५ जून, रविवार, सकाळी

जिंकलो! सामना नव्हे, पॉइंट. पण निर्विवाद. पंख्यामुळे चेंडू वर टाकायला वाव नाही, म्हणून जेमतेम उडवला आणि नेटलगत सरकवला. सासूबाईंनी बॅट हलवलीसुद्धा नाही. चेंडू त्यांच्या बाजूला दोन टप्पे घेऊन पलंगाखाली गेला. मी दोन्ही हात वर केले. (पंखा. बोटाला पट्टी आहे. फार नाही लागलं.)

एवढ्या बांधकामाचं आज सार्थक झालं. छत वर घेतलं नसतं तर लांब दांडीचा पंखा आला नसता, आणि तो पंखा नसता तर ही सर्व्हिस सुचली नसती. पट्टी बांधताना बायकोला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सासूबाई त्या वेळी चष्मा पुसत होत्या. बॅट काखेत होती.

बायको म्हणाली, हा पॉइंट धरायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, असू दे गं. एका पॉइंटासाठी बिचाऱ्यांनी घर फोडलंय. धर.

धरला.